परसबाग आधी कागदावर, मग मातीत



जूनमध्ये शाळा उघडली की परसबागेचा विषय निघतो. कोपऱ्यातली जागा साफ होते, वाफे पडतात, कुणी पालक मेथी-पालक-कोथिंबिरीचं बी देतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फोटो छान येतात आणि शाळेच्या खिचडीत शाळेचीच भाजी पडते. मग दिवाळीची सुट्टी लागते. मग पाण्याची ओढ सुरू होते. मार्च उजाडेपर्यंत तिथं तडे गेलेले वाफे आणि वाळलेली काटकं उरतात. पुढच्या जूनला पुन्हा साफसफाई, पुन्हा नवं बी. आपल्यापैकी किती जणांच्या शाळेत हे असंच चालतं, ते तुम्हीच आठवून बघा.

यात कुणाच्या कष्टाची कमी नसते. माझं म्हणणं इतकंच, की आपण परसबाग लावतो, पण ती रचत नाही. त्यातून मुलं नकळत एक धडा शिकतात, की शेती म्हणजे बी टाकायचं, पाणी घालायचं आणि बाकी नशीब. आपल्या वर्गातली निम्मीअधिक मुलं शेतकऱ्याच्या घरची असतील, तर हा धडा फार महागात पडणारा आहे.

हल्ली ‘रिजनरेटिव्ह’ शेतीबद्दल पुष्कळ बोललं जातं. साध्या भाषेत सांगायचं तर निसर्गाला धरून चालणारी आणि जमीन दरवर्षी आधीपेक्षा थोडी बरी करणारी शेती. अशी शेती एखाद्या औषधाने किंवा खताने होत नाही. ती आखावी लागते. ही आखणी प्राथमिक शाळेत शिकवता येते, आणि ती शिकवायलाच हवी, असं माझं मत आहे.

आधी काय, नंतर काय?

ऑस्ट्रेलियात पी. ए. योमन्स नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे खाणकामातले, नंतर शेतीत आले. पावसाचं पाणी शेतात कसं अडवायचं आणि पसरवायचं यावर त्यांनी 1954 साली ‘द कीलाइन प्लॅन’ हे पुस्तक लिहिलं. पुढे त्यांनी शेत आखण्यासाठी एक क्रम मांडला. हवामान, जमिनीचा चढउतार, पाणी, रस्ते, झाडं, इमारती, कुंपण आणि शेवटी माती. क्रमामागचा विचार साधा आहे. जे बदलणं सगळ्यात अवघड, ते आधी समजून घ्या. हवामान आपल्या हातात नाही. जमिनीचा उतार सहज बदलत नाही. माती मात्र योग्य वागणुकीने काही वर्षांत सुधारता येते, म्हणून ती यादीत शेवटी.

गंमत बघा, या यादीत पीक कुठेच नाही. आपण मात्र सुरुवातच पिकापासून करतो. ‘यंदा काय लावायचं?’ हा पहिला प्रश्न. खरं तर पाणी कुठून येतं, कुठे जातं, ऊन कुठं किती वेळ पडतं, वारा कुठून लागतो, एवढ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की काय लावायचं याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

1978 साली बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक लिहिलं. तेही ऑस्ट्रेलियातलेच. त्यांच्या पद्धतीतही आधी बघा आणि मग हात लावा, यावर भर आहे. ज्या गोष्टीकडे रोज जावं लागतं ती घराजवळ ठेवायची आणि जिच्याकडे क्वचित जायचं ती लांब, अशी त्यांची वर्तुळांची कल्पना आहे. ऐकायला नवीन वाटतं. पण आपल्या आजीच्या घराचा परसू आठवा. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, दारापाशी कढीपत्ता, गोठ्याला लागून उकिरडा, आणि ज्वारी-बाजरी लांब शेतात. आजीने कधी आराखडा काढला नव्हता, पण तिच्या डोक्यात तो पक्का होता. तो डोक्यातला आराखडा आता पुढच्या पिढीकडे जात नाही, म्हणून तो शाळेत कागदावर आणावा लागतो.

गणिताच्या तासाला पाऊस मोजा

चौथी-पाचवीच्या मुलांना एक गणित घाला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी जमा होईल? उत्तर बरोब्बर एक लिटर. हे एकदा मुलांच्या हाती लागलं की ती कशाचाही हिशोब करू लागतात.

शाळेचं छत 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर छतावर 50,000 लिटर पाणी पडतं. त्यातला पाचवा भाग वाया गेला असं धरलं तरी 40,000 लिटर उरतं. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 100 लिटर. आता घरच्या शेतावर चला. 600 मिलिमीटर पावसाच्या भागात एक एकरावर वर्षाला सुमारे 24 लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर 240 टँकर!

ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात, तिथल्या मुलाने हा आकडा स्वतःच्या हाताने काढला की तो पुढचा प्रश्न आपणहून विचारतो. ‘मग सर, ते पाणी जातं कुठं?’ हा प्रश्न मुलाने विचारला, की शेत आखायला सुरुवात झाली असं समजा.

आपल्याच राज्यात या हिशोबावर गावं उभी राहिली आहेत. हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथं पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला, आणि ऊस बाहेर ठेवला. दोन्हीकडे क्रम एकच. आधी पाण्याचा हिशोब, मग पीक.

तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड

उतार डोळ्याला फसवतो. सपाट वाटणारं शाळेचं मैदानही एका बाजूला कललेलं असतं. ते शोधायला महागडं यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या घ्या, टोकाला बांधून पाय फाकवा आणि मध्ये तिसरी काठी आडवी बांधा. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा आकार होतो, म्हणून याला ए-फ्रेम म्हणतात. वरच्या टोकातून दोरीला बांधलेला दगड सोडा.

चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं टेकते तिथं खूण करा. मग दोन्ही पायांची जागा अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी, पक्की खूण. आता दोरी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असं समजायचं. एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत, दोरी मधल्या खुणेवर आणत पुढे चालायचं आणि प्रत्येक पायाशी फक्की टाकायची. मैदानभर एक समपातळी रेषा उमटते.

ही रेषा सरळ येत नाही. नागमोडी जाते. मुलांना याचं फार आश्चर्य वाटतं, आणि खरा धडा इथंच आहे. नकाशावरचा बांध सरळ असतो, ट्रॅक्टर सरळ चालतो, पण पाण्याची रेषा सरळ नसते. उताराच्या दिशेने नांगरट केली की प्रत्येक तास पाण्यासाठी वाट होतो आणि पाणी माती घेऊन ओढ्याला जातं. उताराला आडवी, समपातळी रेषेला धरून पेरणी केली की तोच तास पाण्याला थोपवतो. सलग समतल चर खोदतात तेही याच रेषेवर. नुसता ‘आडवी पेरणी करा’ असा उपदेश मुलं विसरतात. स्वतः टाकलेली फक्कीची रेषा आणि पहिल्या पावसात तिथं थांबलेलं पाणी ती विसरत नाहीत.

आणखी एक गोष्ट. ही रेषा सातबारा बघत नाही. ती एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात सरळ शिरते. ज्या दोन घरांचं बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांची मुलं एकाच ए-फ्रेमचे दोन पाय धरून चालू शकतात. वरच्या शेतातलं पाणी अडलं तर खालच्याची माती वाचते, आणि वरच्याने मुरवलेलं पाणी खालच्याच्या विहिरीला मिळू शकतं. हे दहा वर्षांच्या मुलांना पटकन समजतं. मोठ्यांना समजायला वेळ लागतो, पण घरी जाऊन ‘बाबा, आपलं पाणी काकांच्या शेतातून येतं’ असं सांगणारं पोरगं कधी कधी सरकारी मोजणीपेक्षा जास्त काम करून जातं.

मातीला विचारा

एक ढेकूळ झाडाखालून, बांधाच्या कडेच्या गवतातून आणा. दुसरं, रोज तुडवल्या जाणाऱ्या उघड्या जागेतून. दोन्ही वाळवा आणि पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या ग्लासात अलगद सोडा. उघड्या जागेतलं ढेकूळ बहुतेक वेळा लगेच फुटून गढूळ होतं. गवताखालचं बराच वेळ टिकून राहतं. मातीचे कण मुळांच्या स्रावाने, बुरशीच्या धाग्यांनी आणि कुजलेल्या पालापाचोळ्याने एकमेकांना धरून असतात, म्हणून ते टिकतं. ही पकड असलेल्या मातीत पाणी मुरतं, हवा खेळते. आपल्याकडे त्यासाठी किती नेमका शब्द आहे बघा, वाफसा. ओल आणि हवा दोन्ही असलेली जमिनीची अवस्था. हा एक शब्द समजावून सांगितला तरी परिसर अभ्यासाचा एक तास सार्थकी लागतो.

या प्रयोगानंतर मुलं स्वतःच म्हणतात, की जमीन उघडी ठेवू नये. मग पाचट का जाळू नये, वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन का घालावं, ताग किंवा धैंचा फुलावर आल्यावर जमिनीत का गाडावा, हे वेगळं शिकवायला लागत नाही.

पिकांची नाती

पाणी आणि माती समजली की मग पीक. इथंही एकेकटं पीक न बघता जोडीने बघायचं. ज्वारी किंवा बाजरीत तूर, तुरीत मूग, ही आपली जुनीच पद्धत. मूग साठ-सत्तर दिवसांत निघून जातो. तूर सुरुवातीला हळू वाढते, पाच-सहा महिने राहते आणि तिचं सोटमूळ खोल जातं. एक वर, एक खाली, एक लवकर, एक उशिरा. कुणी कुणाच्या आड येत नाही. मुगाचं रोप अलगद उपटून मुळांवरच्या गाठी मुलांना दाखवा. एखादी गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर तिथले जिवाणू हवेतला नत्र धरायच्या कामाला लागले आहेत.

बियाण्याचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान वाणांचं बी जपण्याच्या कामासाठी त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्या प्रत्येक गावात असं थोडंफार बी जपणारी एखादी आजी असतेच. भाषेच्या तासाला तिची मुलाखत घ्यायला लावा. कोणतं बी, कोणत्या जमिनीत, कधी पेरायचं, राखेत ठेवायचं की कडुनिंबाच्या पाल्यात. लेखनाचा सराव होतो आणि गावाचं ज्ञान शाळेच्या दप्तरी येतं.

बंद करणं म्हणजे रचना करणं नाही

इथं एक सावधगिरी सांगायला हवी. निसर्गाला धरून शेती म्हटलं की काही जण लगेच म्हणतात, उद्यापासून सगळी रासायनिक खतं बंद. 2021 साली श्रीलंकेत सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. पर्यायी खत, प्रशिक्षण, वेळ, काहीच पुरेसं तयार नव्हतं. भाताचं उत्पादन घसरलं, शेतकरी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षाअखेर निर्णय मागे घ्यावा लागला.

याचा अर्थ रसायनांवरच चालत राहावं असा मुळीच नाही. अर्थ असा, की एक आधार काढण्याआधी दुसरा उभा करावा लागतो. आधी पाणी मुरलं पाहिजे, मातीत सेंद्रिय पदार्थ वाढला पाहिजे, द्विदल पिकं फेरपालटात आली पाहिजेत, मग खताची गोणी हळूहळू कमी करता येते. म्हणून मुलांना ‘रासायनिक वाईट, सेंद्रिय चांगलं’ असं घोषवाक्य पाठ करून देऊ नका. ज्या बापाने कर्ज काढून युरिया आणला, त्याच्या पोराला वर्गात खाली मान घालायला लावणं हे शिक्षण नव्हे. त्याला मोजायला शिकवा, तुलना करायला शिकवा. निर्णय तो मोठेपणी घेईल.

पालकांशी थोडं

‘शेती शिकवायला शाळेत पाठवतो का? शेतीतून बाहेर पडावं म्हणूनच तर शिकवतोय.’ हे वाक्य मी पालकसभेत अनेकदा ऐकलं आहे, आणि त्यामागचं दुःख मला कळतं. माझं उत्तर असं आहे. मी तुमच्या मुलाला शेतकरी करत नाही. क्षेत्रफळ, प्रमाण, नकाशा, निरीक्षण, नोंदी आणि अंदाज हे सगळं अभ्यासक्रमात आहेच. मी ते फक्त मैदानावर शिकवते.

श्रीपाद दाभोळकरांचा मूळ विषय गणित होता. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, आणि शेतकरी स्वतः मोजून, प्रयोग करून शिकू शकतो हे दाखवलं. दहा गुंठ्यांच्या तुकड्याचा नीट विचार केला तर तो कुटुंबाला किती देऊ शकतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. गणित आणि शेती यांना आपण वेगळ्या खोल्यांत बसवलं आहे, एवढंच.

आणि वास्तवही बघा. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका शेतकऱ्याकडे सरासरी 1.34 हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर जमीन होती. वाटण्या होऊन ती आणखी कमी होणार. तुमचं मूल पुण्यात नोकरी करो नाहीतर गावात राहो, एक दिवस त्या तुकड्याचा निर्णय त्याच्यासमोर येणारच. बोअर आणखी खोल मारायचा का, झाडं तोडायची का, जमीन विकायची का. त्या दिवशी त्याला योग्य क्रमाने प्रश्न विचारता यावेत, एवढीच माझी इच्छा.

‘वेळ कुठून आणायचा?’

शिक्षक मित्रांनो, तुमचा प्रश्नही खरा आहे. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, वर माहिती भरायची घाई. म्हणून वेगळा तास मागू नका. वर्षाची कामं अशी वाटून टाका:

• जून-जुलै: जोराच्या पावसात व्हरांड्यात उभं राहून बघायचं, पाणी कुठून वाहतं, कुठं साचतं. पाऊस थांबला की मैदानाच्या नकाशावर बाण काढायचे.
• ऑगस्ट: ए-फ्रेम आणि समपातळी रेषा. जमल्यास गुडघ्याएवढा एखादा चर.
• सप्टेंबर-ऑक्टोबर: मातीचे प्रयोग, आजीची मुलाखत, बियांचा संग्रह.
• नोव्हेंबर ते जानेवारी: सावलीची नोंद. सकाळी, दुपारी, संध्याकाळी भिंतीची आणि झाडाची सावली कुठं पडते ते खडूने आखायचं.
• फेब्रुवारी-मार्च: सगळं एकत्र करून परसबागेचा आराखडा. हात धुण्याच्या नळाचं पाणी रोज किती जातं ते बादलीने मोजायचं आणि तिथं केळ, अळू, पपई बसेल का ते ठरवायचं. कुंपणाला शेवगा आणि हदगा.

पहिल्या वर्षी भाजी कमी लावली तरी चालेल. काहीच नाही असं नको, दोन वाफे पालेभाजी असू द्या, मुलांना हिरवं दिसलं पाहिजे. पण खरं काम वहीत होऊ द्या. या वहीचा आणखी एक फायदा आहे. आपली बदली होते, वही शाळेतच राहते. पुढच्या शिक्षकाला जूनमध्ये शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

शेवटी एक विनंती. परसबागांची पाहणी आणि फोटो बहुतेक पावसाळ्यात होतात, तेव्हा तर रस्त्याकडेचा तणही टवटवीत असतो. परसबाग मे महिन्यात बघावी. शाळेला कुलूप आहे, पाणी घालायला कुणी नाही, आणि तरीही कुंपणाचा शेवगा उभा आहे, आच्छादनाखाली बोट घातलं तर किंचित ओल लागते आहे, तर ती बाग खरोखर रचलेली आहे. यंदाच्या मेमध्ये गावात असाल तर शाळेच्या मागे एक चक्कर मारा, आणि जे दिसेल ते जूनमध्ये नव्या वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडून लिहून घ्या.